फ्लोटिंग पॉइंटची बेरीज हाताने करताना शेवटचा बिट का चुकतो?

प्रश्न खानापूरच्या एका डिप्लोमाच्या विद्यार्थ्याचा आहे. त्याने १३.७५ आणि ०.१ यांची बेरीज फ्लोटिंग पॉइंटच्या (कॉम्प्युटरची अपूर्णांक साठवायची पद्धत) ३२ बिटांच्या सिंगल प्रिसिजनमध्ये कागदावर केली आणि नंतर तीच बेरीज सी प्रोग्रामने करून बिट छापून बघितले. कागदावरच्या उत्तराचे शेवटचे पाच बिट ११००१ आले, कॉम्प्युटरने ११०१० दाखवले. बाकी सगळं जुळलं. तो लिहितो, "सर, पुस्तकातल्या सगळ्या पायऱ्या केल्या, परत परत तपासलं. चूक सापडत नाही."

पायऱ्या तू बरोबर केल्या आहेस. फक्त लहान संख्या उजवीकडे सरकवताना जे सात बिट कडेबाहेर गेले, ते तू खोडून टाकलेस. ते खोडायचे नसतात. बेरीज संपेपर्यंत सांभाळायचे असतात, कारण शेवटचा बिट काय असणार हे तेच ठरवतात. बहुतेक मुलं अडतात ती इथंच, म्हणून सगळं गणित तुझ्यासमोर मांडतो.

आधी दोन्ही संख्या उघडून घेऊ. सिंगल प्रिसिजनमध्ये एक बिट चिन्हाचा, आठ एक्स्पोनंटचे (२ चा घात) आणि तेवीस मॅन्टिसाचे (संख्येचे आकडे). एक्स्पोनंटमध्ये १२७ मिळवून ठेवलेले असतात, आणि मॅन्टिसाच्या डावीकडचा १ लिहिलेला नसतो, तो धरून चालायचं असतं. हाताने करताना मात्र तो १ पहिल्याच ओळीत लिहून टाक. न दिसणारा आकडा मनात ठेवून कुणाचीही बेरीज चुकते.

१३.७५ म्हणजे बाइनरीत ११०१.११, म्हणजे १.१०१११ × २^३. एक्स्पोनंटच्या जागी ३ + १२७ = १३०. ही संख्या नेमकी मावते, काही सांडत नाही.

०.१ चं तसं नाही. दशमान पद्धतीत एक तृतीयांश जसा ०.३३३ असा संपतच नाही, तसा एक दशांश बाइनरीत संपत नाही. ०.०००११००११००११ असं पुढं चालूच राहतं. चोवीस बिटांत कोंबताना तो कापावा लागतो, आणि कापल्यावर उरलेला भाग शेवटच्या बिटाच्या किमतीच्या अर्ध्यापेक्षा जास्त असल्यामुळे शेवटचा बिट एकाने वाढतो:

१.१००१ १००१ १००१ १००१ १००१ १०१ × २^-४

एक्स्पोनंटच्या जागी १२३. शेवटी १००१ १०० यायच्या जागी १००१ १०१ आलं आहे, बघ. म्हणजे बेरीज सुरू व्हायच्या आधीच तुझ्या हातात खरा ०.१ नाही, त्याच्यापेक्षा किंचित मोठी संख्या आहे. यापुढे आपण याच संख्येची बेरीज करतोय. हे पक्कं ध्यानात ठेव, नाहीतर पुढं चूक बेरजेची की साठवणीची हे कळत नाही.

आता एक्स्पोनंट सारखे करायचे. १३० आणि १२३, फरक सातचा. नेहमी लहान संख्या उजवीकडे सरकवायची. मोठी डावीकडे सरकवली तर तिचे वरच्या किमतीचे बिट जातील. ०.१ सात घरं सरकवल्यावर दोन्ही ओळी अशा दिसतात:

१.१०११ १००० ०००० ०००० ०००० ०००
०.०००० ००११ ००११ ००११ ००११ ००१ | १००११०१

उभ्या रेघेच्या उजवीकडचे सात बिट म्हणजेच तुझे खोडलेले बिट. रेघ काढून ते तिथंच ठेव. वरच्या ओळीत रेघेपलीकडे काही नाही, म्हणजे शून्य. बेरीज:

१.१०११ १०११ ००११ ००११ ००११ ००१ | १००११०१

पूर्णांकाच्या जागी एकच १ आहे, हातचा बाहेर गेलेला नाही, म्हणून सरकवायची गरज नाही. आता रेघेपलीकडचा भाग अर्ध्यापेक्षा जास्त आहे का ते बघायचं. पहिला बिट १ आहे, म्हणजे निदान अर्धा तरी आहे. त्याच्यामागे ००११०१, म्हणजे सगळी शून्यं नाहीत. अर्ध्यापेक्षा जास्त झाला. म्हणून शेवटच्या बिटात १ मिळवायचा:

१.१०११ १०११ ००११ ००११ ००११ ०१० × २^३

शेवटचे पाच बिट ११०१०. कॉम्प्युटरचं उत्तर हेच.

उत्तर ताडून बघायची माझी रीत वेगळी आहे, आणि तुलाही तीच वापरायला सांगेन. दशांशचिन्ह काढून टाक आणि दोन्ही संख्या पूर्णांक म्हणून बघ. २^३ च्या घरात सिंगल प्रिसिजनच्या शेजारशेजारच्या दोन संख्यांमधलं अंतर २^-२० असतं, म्हणजे एकाचा १०,४८,५७६ वा भाग. या मापाने १३.७५ म्हणजे १,४४,१७,९२० घरं. साठवलेला ०.१ म्हणजे १,३४,२१,७७३ भागिले १२८, कारण त्याची घरं सात पायऱ्यांनी बारीक आहेत आणि २^७ = १२८. भागाकार १,०४,८५७, बाकी ७७. बेरीज १,४५,२२,७७७ आणि बाकी ७७. बाकी १२८ च्या निम्म्यापेक्षा, म्हणजे ६४ पेक्षा जास्त आहे, म्हणून १,४५,२२,७७८. संपलं. आणि ७७ बाइनरीत लिहून बघ: १००११०१. रेघेपलीकडचे तेच सात बिट.

ही पूर्णांकांची रीत मला जास्त आवडते, कारण यात फ्लोटिंग पॉइंटचं खरं रूप दिसतं. प्रत्येक संख्या म्हणजे कुठल्यातरी मापाची इतकी घरं. संख्या दुप्पट झाली की माप दुप्पट जाड होतं. साखर कारखान्याच्या गेटवरचा काटा दहा किलोच्या टप्प्याने वजन दाखवत असेल आणि ट्रकचं वजन नेमकं एका टप्प्यावर असेल, तर उसाने भरलेल्या ट्रकवर चार किलोची पिशवी ठेवून आकडा हलणार नाही. बेरीज मोठी होत जाते तशी फ्लोटिंग पॉइंटची गत तीच होते. पिशवी हलकी नसते, काट्याचा टप्पा जाड असतो.

आता हातचा बाहेर गेला तर काय, हे बघू. गणितं इथं फार चुकतात. तेवीस बिटांचं गणित वहीत मावत नाही, म्हणून सरावाला छोटा नमुना घे: मॅन्टिसा फक्त चार बिटांचा, डावीकडचा १ धरून पाच. १३.५ + ३.८७५ करू. खरी बेरीज १७.३७५.

१३.५ = १.१०११ × २^३. ३.८७५ = १.११११ × २^१. दुसरी दोन घरं सरकव:

१.१०११ | ००
०.०१११ | ११
बेरीज १०.००१० | ११

पूर्णांकाच्या जागी १० आलं. सगळी ओळ एक घर उजवीकडे सरकव आणि एक्स्पोनंट एकाने वाढव: १.०००१ | ०११ × २^४. आता रेघेपलीकडे ०११, अर्ध्यापेक्षा कमी. उत्तर १.०००१ × २^४ = १७. बरोबर, कारण १६ च्या पुढं या नमुन्यात पूर्णांकच मावतात आणि १७.३७५ ला सर्वात जवळचा १७ आहे.

घाई करणारा विद्यार्थी काय करतो? दुसरी संख्या सरकवल्याबरोबर ०.०१११ | ११ हे लगेच ०.१००० करून टाकतो. मग बेरीज १०.००११, सरकवल्यावर १.०००१ | १. आता बाकी नेमकी अर्धी. बरोबर अर्ध्यावर अडलं की शेवटचा बिट शून्य होईल तिकडं जायचं असा नियम आहे, म्हणून १.००१० × २^४ = १८. सतराच्या जागी अठरा! दोन्ही वेळचं राउंडिंग (जवळच्या घराला नेणं) सुटं बघितलं तर नियमानेच केलेलं आहे, पण ते दोनदा झालं म्हणून उत्तर एका अख्ख्या घराने चुकलं. सरकवणं, बेरीज, पुन्हा सरकवणं आणि मग एकदाच राउंडिंग, हा क्रम मोडायचा नाही.

अर्ध्यावरच्या नियमाबद्दल मुलं विचारतात की शाळेत तर पाचाला वर न्यायला शिकवलं होतं. दरवेळी वरच नेलं तर लाखो बेरजांत सगळ्या चुका एकाच बाजूला साचत जातात. कधी वर, कधी खाली गेलं की त्या एकमेकींना बऱ्यापैकी खाऊन टाकतात.

वजाबाकीत आणखी एक खाच आहे. त्याच छोट्या नमुन्यात १६ − ०.५३१२५ कर. दुसरी संख्या १.०००१ × २^-१, म्हणजे पाच घरं सरकवावी लागते: ०.०००० | १०००१. रेघेपलीकडचं टाकलंस तर शून्य वजा होतं आणि उत्तर १६ येतं. खरं उत्तर १५.४६८७५, आणि सोळाच्या खाली या नमुन्याची घरं अर्ध्या-अर्ध्याची आहेत, म्हणून १५.५ यायला हवं. बाहेर गेलेले बिट ठेवले तरच ते येतं.

मग हार्डवेअर सगळे बिट ठेवतं का? एक्स्पोनंटमधला फरक दोनशेचा असला तर दोनशे बिट कुठं ठेवणार? त्याला तीनच पुरतात. रेघेनंतरचा पहिला गार्ड बिट, दुसरा राउंड बिट, आणि त्यापुढच्या सगळ्यांच्या वतीने एकच स्टिकी बिट: मागच्या गर्दीत कुठंही १ असेल तर हा १, नाहीतर ०. वरच्या उदाहरणात १०००१ चं होतं १०१. आता वजाबाकी:

१.०००० | ०००
०.०००० | १०१
बाकी ०.११११ | ०११

डावीकडे एक घर सरकव: १.१११० | ११ × २^३. अर्ध्यापेक्षा जास्त, म्हणून १.११११ × २^३ = १५.५. वजाबाकीनंतर ओळ डावीकडे सरकते तेव्हा गार्ड बिट मॅन्टिसात शिरतो, आणि राउंडिंग ठरवायला त्याच्यामागं कुणीतरी उरावं लागतं. म्हणून तीन. कागदावर तुला बिट वाचवायची गरज नाही, सगळे लिही. पण परीक्षेत 'गार्ड बिट कशासाठी' असं विचारलं तर व्याख्या पाठ म्हणून दाखवण्यापेक्षा हे उदाहरण लिही.

हा निव्वळ परीक्षेचा विषय आहे असं समजू नकोस. आयबीएमने १९६४ साली सिस्टिम/३६० ही कॉम्प्युटरांची मालिका जाहीर केली तेव्हा तिच्या डबल प्रिसिजनला (६४ बिटांच्या संख्यांना) गार्ड डिजिट नव्हता. वैज्ञानिकांची गणितं बिघडायला लागली आणि ग्राहकांकडे बसवून झालेल्या मशिनांत तो मागाहून बसवावा लागला. प्रत्येक कंपनीची रीत निराळी, म्हणून एकच प्रोग्राम दोन मशिनांवर दोन उत्तरं देत असे. १९८५ च्या आयईईई ७५४ या मानकाने ते थांबवलं. बेरजेचं उत्तर म्हणजे खरी बेरीज एकदाच राउंड करून जे येईल ते, असं त्यात ठरलं. या कामात विल्यम कहान यांचा वाटा सर्वात मोठा. त्यांना १९८९ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. तुझं वहीतलं उत्तर आणि कॉम्प्युटरचं उत्तर बिटाबिटाने जुळलंच पाहिजे असं मी छातीठोक सांगू शकतो, ते या मानकाच्या जोरावर.

खास किमतींचं थोडक्यात. एक्स्पोनंटचे आठही बिट १ असले तर ती संख्या अनंत आहे किंवा संख्याच नाही. तिथं बेरीज करायची नसते, नियम बघायचा असतो. आठही बिट ० असले तर डावीकडचा १ धरायचा नाही, ० धरायचा, आणि घात -१२६ घ्यायचा. चिन्हं वेगळी असली तर मोठ्यातून लहान वजा करून मोठ्याचं चिन्ह द्यायचं.

आता तुझं उत्तर घेऊन आणखी एक गोष्ट करून बघ. आलेल्या १३.८५ मधून १३.७५ वजा कर. घरांत: १,४५,२२,७७८ − १,४४,१७,९२० = १,०४,८५८. याला १०,४८,५७६ ने भाग, ०.१०००००३८ च्या आसपास येतं. आपण मिळवला होता ०.१, परत आला त्याच्यापेक्षा जास्त. मुलं लगेच म्हणतात वजाबाकी चुकली. वजाबाकीत एकही बिट पडलेला नाही, दोन्ही संख्या एकाच मापात होत्या. बाकी ७७ ची आपण मघाशी पूर्ण १२८ केली, ती ५१ ची भर आता उघडी पडली. तेराच्या शेजारी ती दिसत नव्हती, ०.१ च्या शेजारी दिसते. जवळजवळच्या दोन संख्यांची वजाबाकी आली की मी आधी त्या कुठून आल्या ते तपासतो, ते याचसाठी.

मी बेळगावच्या उद्यमबागेत कंट्रोलरचं फर्मवेअर (यंत्राच्या आत बसणारा प्रोग्राम) लिहितो आणि संध्याकाळी मुलांना शिकवतो. नव्या पोरांना कामावर घेताना ही बेरीज कागदावर करायला लावतो, कारण तिथली खरीखुरी भानगड याच बेरजेतून निघते. समज, दुधाच्या लाइनवर फ्लो मीटर आहे. दर ०.१ लिटरला एक पल्स येते आणि प्रोग्राम प्रत्येक पल्सला एकूण आकड्यात ०.१ मिळवतो. एकूण आकडा सिंगल प्रिसिजनमध्ये ठेवला आहे. पहिले काही दिवस सगळं ठीक दिसतं. आकडा १,३१,०७२ लिटरला पोचला की घरांचं अंतर ०.०१५६२५ होतं. ०.१ म्हणजे अशी ६.४ घरं, राउंड होऊन ६. म्हणजे दर पल्सला ०.१ ऐवजी ०.०९३७५ मिळतं. गवळ्याचं दूध कमी मोजलं जातंय. २,६२,१४४ च्या पुढंही तीच गत, ३.२ ची ३ घरं. पण ५,२४,२८८ ओलांडलं की घर ०.०६२५ चं, ०.१ म्हणजे १.६ घरं, राउंड होऊन २, म्हणजे ०.१२५. आता पाव पटीने जास्त मोजलं जातंय! आणि २०,९७,१५२ ला पोचल्यावर घर ०.२५ चं होतं, ०.१ हा त्याच्या निम्म्यापेक्षा कमी, म्हणून राउंड होऊन शून्य. दूध वाहतंय, पल्स येताहेत, आकडा तिथंच गोठलेला. मीटर बदला, केबल बदला, काही फरक पडत नाही. मीटरमध्ये दोष नाहीच.

यातला प्रत्येक आकडा तू आता वहीत काढू शकतोस: मोठ्या संख्येचं घर किती, लहान संख्या त्या घरांत किती, राउंड करून किती. एवढ्या तीन ओळींत प्रोग्राम न चालवता कळतं की टोटल कुठं बिघडणार.

उपाय साधा आहे. पल्स पूर्णांकात मोज आणि दाखवतानाच दहाने भाग. ३२ बिटांच्या बिनचिन्हाच्या पूर्णांकात ४,२९,४९,६७,२९५ पल्स मावतात, म्हणजे जवळपास ४३ कोटी लिटर, आणि एकही पल्स हरवत नाही. येणारी मापं कमीजास्त असतील आणि फ्लोट टाळता येत नसेल, तर कहान यांचीच एक रीत आहे: प्रत्येक बेरजेत कडेबाहेर गेलेला भाग वजाबाकी करून वेगळ्या चलात धरायचा आणि पुढच्या मापात आधी तो मिळवायचा. रेघेपलीकडचे बिट खोडू नकोस असं मी तुला कागदावर सांगितलं, तेच ही रीत प्रोग्राममध्ये करते. नुसतं डबल करून टाकणं हा उपाय बरेचजण सुचवतात. चालतो, पण छोट्या कंट्रोलरांवर डबलचं हार्डवेअर नसलं तर तो हळू पडतो, आणि काही जुन्या कंपायलरांत डबल लिहिलं तरी आत सिंगलच असतं. डेटाशीट आणि कंपायलरचं मॅन्युअल उघडून बघितल्याशिवाय त्यावर विसंबू नकोस.

सरावाला दोन गणितं देतो. दोन्ही ०.१ + ०.२ च आहेत, एकदा सिंगलमध्ये, एकदा डबलमध्ये. चौकडीची वही घे, एका घरात एक बिट, आणि मॅन्टिसा संपतो तिथं लाल रेघ मार. निम्म्या चुका रांगा सरकल्याने होतात. सिंगलमध्ये ०.१ ची बाकी सांभाळलीस तर २^-२५ च्या घरांत १,००,६६,३२९.७५ येईल, राउंड होऊन १,००,६६,३३०. साठवलेला ०.३ पण नेमका तितकाच आहे, म्हणजे सिंगलमध्ये ०.१ + ०.२ आणि ०.३ सारखे निघतात.

डबलमध्ये ०.१ म्हणजे ७२०५७५९४०३७९२७९४ × २^-५६ आणि ०.२ म्हणजे तीच संख्या × २^-५५. बेरीज करून हातचा बाहेर गेल्यावर सरकवलंस की २^-५४ च्या घरांत ५४०४३१९५५२८४४५९५.५ येतं. नेमकं अर्धं. शेवटचा बिट शून्य हवा, म्हणून उत्तर ...५९६ कडे जातं. आणि साठवलेला ०.३ आहे ...५९५. पायथनमध्ये ०.१ + ०.२ लिहिल्यावर ०.३०००००००००००००००४ येतं, ते या एका अर्ध्यामुळं. ५३ बिटांची ओळ लांब आहे, पण एकदा पूर्ण लिहून काढ. उत्तर जुळलं नाही तर वहीच्या त्या पानाचा फोटो पाठव, रेघेच्या उजवीकडची बाजू कापू नकोस.